तीन रानकुत्री आणि वजनाचा वाद

मुलांनो, सागाच्या एका जुन्या जंगलात, डोंगराच्या उतारावर, तीन रानकुत्री भावंडे राहत असत. थोरला भाऊ, मधली बहीण आणि धाकटी बहीण. तिघांचा रंग तांबूस, शेपट्या झुपकेदार आणि अंगकाठी बेताचीच. एकेकटे पाहिले, तर गावातल्या कुत्र्याहून मोठे वाटू नयेत. पण तिघे शीळ घालत, एकमेकांना साद देत झुडपांतून सुटले, की बिबट्यासुद्धा तोंडातली शिकार टाकून झाड गाठत असे. "या तिघांचं जंगलात वजन आहे," असे सगळे प्राणी म्हणत.

त्या वर्षीचा उन्हाळा फार कडक होता. ओढ्यात एकच डोह उरला होता आणि शिकार मिळेनाशी झाली होती. मधलीची दोन पिल्ले घराच्या कपारीत होती, ती नुकतीच मांस खाऊ लागली होती. घरची रीत अशी, की आधी पिल्लांनी खायचे, मग मोठ्यांनी. एके दिवशी मोठ्या कष्टाने एक भेकर मिळाले, तेव्हा थोरल्याने ती रीत मोडली. पिल्लांना बाजूला सारून तो आधी जेवायला बसला.

"दादा, पिल्लं उपाशी आहेत," मधली म्हणाली.

"मी जगलो तर पिल्लं जगतील," थोरला खाता खाता म्हणाला. "बिबट्या कोणाला बघून पळतो? मला. या घराचं सगळं वजन माझ्यामुळे आहे."

मधलीच्या मनाला ते लागले. बिबट्याच्या अंगावर पहिली उडी नेहमी तिचीच असे. वजन खरे तर आपलेच आहे, असे तिला आतून वाटत आले होते. पण ती ते बोलली नाही. धाकटी मात्र हसून म्हणाली, "तुमच्या दोघांचंच असू दे बाई. मला तर वारा आला तरी उडायला होतं."

कपारीवरच्या उंबराला एक वटवाघूळ लटकलेले होते. त्याच डोंगराच्या पोटात माणसांनी एक लांबलचक भुयार खणले होते. तिथे ती माणसे अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळवत आणि त्यांतून काय बाहेर पडते ते बघत बसत. वटवाघूळ दिवसा त्या भुयाराच्या छताला स्वतःला टांगून घेई आणि त्यांचे बोलणे ऐके. दिवस मावळताना उंबरे खायला ते इथे येत असे.

"वजन कोणाचं, यावर माणसंही फार भांडली," वटवाघूळ वरून म्हणाले. "दगडाला, हाडाला, तुमच्या-माझ्या अंगाला वजन येतं कुठून, म्हणून ती एकेक वस्तू फोडत आत आत गेली. अगदी आत, कणाच्याही पोटात, त्यांना तीन चिमुकले कण सापडले. त्यांना वाटलं, सगळं वजन या तिघांतच असणार. पण तिघांच्या वजनांची बेरीज केली, तर शंभरातला जेमतेम एक भाग भरला."

"मग बाकीचं वजन?" मधलीने विचारले.

"त्यांच्या धावण्यात आणि त्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या ओढीत. एवढ्याशा जागेत ते सारखे धावत असतात आणि ती ओढ त्यांना सुटू देत नाही. त्या सगळ्या जोराचंच वजन होतं. आपण सगळे बहुतेक त्या ओढीचेच बनलोय म्हणे."

"आणि तो शंभरातला एक भाग? तो तरी त्यांचा स्वतःचा ना?" धाकटीने विचारले.

"तोही मिळालेलाच. सगळ्या जगात एक न दिसणारं क्षेत्र पसरलेलं आहे. त्याच्याशी ज्या कणाचा संबंध येतो, त्याला थोडं वजन मिळतं. उजेडाचा काही संबंध येत नाही, म्हणून उजेडाला वजनच नाही."

"बिचारा उजेड!" धाकटी म्हणाली.

थोरला मात्र भडकला. "ओढीला कधी वजन असतं का? उद्या बघूच. मी खिंडीत बसतो, ही मधली कपारीपाशी बसेल आणि धाकटी ओढ्यावर जाईल. कोणी कोणाच्या मदतीला यायचं नाही. ज्याला एकट्याला बघून बिबट्या मागे फिरेल, वजन त्याचं."

या वेळी मधलीने 'नको' म्हणायला हवे होते. मोठ्या भावाला अडवील असे दुसरे कोणी नव्हते. पण कपारीशी बिबट्या आला आणि आपल्याला पाहून फिरला, तर एकदाचे सगळ्यांना कळेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. ती गप्प बसली. धाकटीने दोघांकडे पाहिले, पिल्लांची नाके चाटली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता तर जाते."

सकाळी ऊन तापू लागले, तेव्हा ओढ्याकडून धाकटीची शीळ ऐकू आली. मधलीने कान टवकारले. रोज एका शिळेला दुसरी, दुसरीला तिसरी, अशी उत्तरे जात आणि मग तिघेही वाऱ्यासारखे निघत. आज खिंडीतून उत्तर गेले नाही. थोरला अट पाळत होता. मधलीने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. आपण आधी उत्तर दिले, तर हार आपली होईल, असे तिला वाटले.

दुसरी शीळ आली ती अर्धीच. मग मात्र मधली धावली. काटे लागले, दगड लागले, ती थांबली नाही. खिंडीकडून थोरलाही येताना दिसला. डोहाच्या काठी बिबट्या उभा होता आणि त्याच्या पायाशी धाकटी पडली होती. तिचे डोळे खिंडीकडे लागलेले होते.

दोघे जीव खाऊन भुंकले. मधलीने नेहमीसारखी उडी घेतली, पण तिच्या उडीबरोबर बिबट्याचे मागचे पाय धरणारे आज कोणी नव्हते. बिबट्याने एका पंजात तिला बाजूला फेकले. थोरला पुढे झाला, बिबट्या गुरगुरला आणि थोरला मागे सरला. मग बिबट्याने धाकटीला मानेशी धरले आणि सावकाश, मागे वळूनही न बघता, तो तिला झाडीत घेऊन गेला.

संध्याकाळी वटवाघूळ उंबरावर आले. दोघे कपारीत पिल्लांजवळ बसले होते. मधली म्हणाली, "तिघांतली एक गेली. मग दोन वाटे तरी वजन उरायला हवं होतं ना? आज तर काहीच उरलं नव्हतं."

"वजन तुम्हा तिघांत वाटलेलं नव्हतंच," वटवाघूळ म्हणाले. "ते तुमच्या मधे होतं."

"त्या कणांचंही असंच होतं का?"

वटवाघूळ म्हणाले, "नाही. त्यांचं एक बरं आहे. त्यांना वेगळं होताच येत नाही. एखादा लांब जायला लागला, तर त्याला मागे ओढणारी ओढ आणखी घट्ट होते. वेगळं तुम्हाला होता येतं."

थोरल्याने पुढच्या पायांत डोके खुपसले. "मी ऐकली होती तिची शीळ," तो म्हणाला. "पहिली शीळच ऐकली होती."

"मीही," मधली म्हणाली. त्याला दूषण देण्याजोगे तिच्यापाशी काही उरले नव्हते.

बिबट्याला भीती उरली नाही, हे जंगलात दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना समजले. तो कपारीच्या समोरच्या खडकावर येऊन बसू लागला. आता पिल्लांना तिथे ठेवणे शक्य नव्हते. म्हणून एका पहाटे मधलीने एक पिल्लू तोंडात धरले, थोरल्याने दुसरे धरले आणि ते दोघे जन्मापासूनचे घर सोडून उतार उतरू लागले. जाताना डोहावरून जावे लागले. तिथे चितळांचा कळप पाणी पीत होता. दोन रानकुत्री अगदी जवळून गेली. एकाही चितळाने मान वर केली नाही.

तात्पर्य : घराचे वजन एकट्याचे नसते, ते एकमेकांना धरून ठेवणाऱ्या ओढीत असते; 'त्यातले माझे किती' हे पाहायला जे वेगळे होतात, त्यांच्या हाती मोजण्यासारखे काही उरत नाही.