मुकी राजकन्या गाते तेव्हा

मिरजेत ‘मौनगडची राजकन्या’ या कादंबरीवरच्या सिनेमाचा खास खेळ झाला. कादंबरीतली राजकन्या जन्मापासून मुकी असते आणि केवळ खुणांच्या भाषेने ती राक्षसाला जिंकते. सिनेमात मात्र ती पाच गाणी म्हणाली. खेळ संपला तेव्हा काही वाचक संतापले होते, तर काहींचे डोळे भरून आले होते.

तिथल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल कुमुद आजगेकर यांनी ही कादंबरी तीन वेळा नव्याने बांधून घेतली होती, इतकी ती वाचून फाटायची. त्या उठून म्हणाल्या, “साहेब, तिचं मुकेपण हीच तिची ताकद होती. ती का काढलीत?”

दिग्दर्शक विश्वंभर राजोपाध्ये मंचावरून हसले. “बाई, सिनेमा ही स्वतंत्र कला आहे. पुस्तक विसरा आणि मग माझा सिनेमा बघा.”

कुमुदताईंना राग आला होता, पण आवाज शांत ठेवून त्या म्हणाल्या, “विसरतो की आम्ही! फक्त सुरुवात तुम्ही करा. पोस्टरवर तुमच्या नावाच्या वर पुस्तकाचं नाव मोठ्या अक्षरात आहे, तेवढं पुसून टाका.”

“असं कसं?” राजोपाध्ये गडबडले. “नाव पुसलं तर सिनेमाला येणार कोण?”

“म्हणजे येणार आम्हीच,” कुमुदताई म्हणाल्या, “आणि तेही पुस्तक विसरलो नाही म्हणून!”

प्रेक्षकांच्या टाळ्यांच्या कडकडाटात राजोपाध्ये यांनी माइक खाली ठेवला.