ऊना मॅकास्किलचा विस्तव

फार वर्षांपूर्वी, कॅनडाच्या अफाट गवताळ सपाटीवर नांगराचे पहिले तास उमटत होते, त्या काळी स्कॉटलंडच्या एका वादळी बेटावरून काही कुटुंबे तिथे वसायला आली. मुळांसकट गवताच्या ढेपा कापून त्यांनी घरे रचली.

त्यांच्यात ऊना मॅकास्किल नावाची एक वृद्ध विधवा होती. आपल्या जुन्या चुलीतला विस्तव लोखंडी हंडीत, राखेखाली जपून, तिने समुद्रापार आणला. असे म्हणतात की जहाजात लाट शिरली तेव्हा पीठ भिजले, माणसे भिजली, पण ती हंडी कोरडी राहिली. नव्या गावातली प्रत्येक चूल तिच्याच निखाऱ्याने पेटली. झोपण्यापूर्वी ती निखाऱ्यांवर राख ओढी आणि म्हणे, "प्रभो, घर तुझे, विस्तव तुझा, मी राखणदार."

त्या लोकांचा एक कडक नियम होता. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातला विस्तव उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. गेला, तर वर्षाची बरकत त्याच्याबरोबर जाते.

एका वर्षी हिवाळा लांबला आणि गावातल्या काड्यापेट्या संपल्या. नेमक्या त्या दिवशी सकाळी शेजारची कर्स्टी ऊनाच्या दारी आली. तिची चूल विझली होती.

"आजी, एक निखारा द्या. पोर तापाने पडले आहे."

"आज नाही. हवे तर माझ्या चुलीवर पेज करून ने."

"आणि घर गारठले आहे, त्याचे काय? घर उचलून तुमच्याकडे आणू?"

ऊनाने दार लोटले. नियम पाळला गेला, पण तिला प्रार्थना सुचेना.

दुपारी पश्चिमेचे आभाळ तांबडे झाले. वाळल्या गवताला वणवा लागला होता आणि वारा गावाकडे होता. ससे आणि हरणे घरांमधून धावत सुटली. पुरुषांनी बैल जुंपून गावापुढे जमीन नांगरली, पण पट्टा अरुंद होता आणि ज्वाळा घरांहून उंच होत्या. आता एकच उपाय उरला होता. बेटावर डोंगरउतारावरची झुडपे जाळताना तो सर्वांनी पाहिला होता: पट्ट्यापलीकडचे गवत आपणच आधी पेटवायचे, म्हणजे वणव्याला खायला काही उरत नाही. उपाय सर्वांना ठाऊक होता, विस्तव घरोघरी होता, आणि एकही माणूस हलेना.

"आजच्या दिवशी विस्तव बाहेर काढायचा कोणी?" चर्चचे ज्येष्ठ पंच टॉर्मड म्हणाले. "बरकत जाईल."

"बरकत राहणार कुठे, टॉर्मड? तिला घर तरी लागेल ना?" मागून ऊना म्हणाली. "बाजूला हो."

तिने आपली चूल पार रिकामी केली होती. पट्ट्याच्या कडेने ती निखारे टाकीत चालली. गवत भडकले. समोरच्या वणव्याने ती आग स्वतःकडे ओढून घेतली, दोन्ही ज्वाळा एकमेकींना भिडल्या, आभाळाला टेकल्या, आणि खाली जाळायला काहीच नाही म्हणून विझल्या. असे म्हणतात की ठिणग्यांचा पाऊस तिच्या डोक्यावरून गेला, पण तिच्या शालीचा एक धागाही करपला नाही.

हंडीच्या तळाशी एकच निखारा उरला होता. ऊना स्वतःच्या घराकडे वळली नाही. तो तिने कर्स्टीच्या चुलीत ठेवला.

"देवाचा विस्तव मी सकाळी देवाच्या लेकरापासून राखला," ती म्हणाली.

चूल धगधगली, पोराला घाम फुटला, ताप उतरला. मग कर्स्टीने त्याच चुलीतला निखारा फावड्यावर घेतला आणि ऊनाची थंड चूल पेटवली.

त्या गावात आता विजेच्या शेगड्या आहेत. तरीही मेच्या पहिल्या दिवशी प्रत्येक घर आपली शेगडी बंद ठेवते आणि अंगणात एक चूल मांडते. ती स्वतः कोणी पेटवीत नाही. पहिला निखारा गावाने जपलेल्या ऊनाच्या हंडीतून निघतो, आणि पुढे प्रत्येक चुलीला शेजाऱ्याने निखारा आणायचा असतो. वर्षभरात ज्याला आपण नाही म्हटले असेल, त्याच्या घरी आधी जायचे. निखारा ठेवताना म्हणतात, "प्रभो, घर तुझे, विस्तव तुझा." त्यापुढचे "मी राखणदार" हे शब्द त्या दिवशी कोणी उच्चारीत नाही.