मागे राहिलेलं चमचाभर दही

भांडीकुंडी माणसांपेक्षा जास्त बोलत, तेव्हाची गोष्ट. येसूआत्याने जाड रोट्यांसाठी परातीत कणीक घेतली आणि मडक्यातलं दही तिच्यात ओतलं. विरजणापुरतं चमचाभर मात्र तळाशी ठेवलं.

"आम्ही चाललो!" परातीतलं दही ऐटीत म्हणालं. "आता तव्यावर फुगणार, तुपात न्हाणार! तू बस तिथेच चिकटून!"

चमचाभर दह्याला रडू कोसळलं. "आत्या, माझंच काय चुकलं?"

"गप बस," आत्या म्हणाली. "कामाचं आहेस म्हणून ठेवलंय."

त्याला ते काही पटलं नाही. इकडे रोट्या टम्म फुगल्या आणि घरच्यांनी बोटं चाटत संपवूनही टाकल्या. संध्याकाळी आत्याने मडक्यात कोमट दूध ओतलं. चमचाभर दही मुसमुसतच त्यात मिसळलं.

सकाळी बघावं तर मडकं काठोकाठ दह्याने भरलेलं! आत्याने पुन्हा परात घेतली, पुन्हा दही ओतलं आणि पुन्हा चमचाभर मागे ठेवलं.

तेवढ्यात परातीतून आवाज आला, "आम्ही चाललो! तू बस तिथेच चिकटून!"

आत्याने कपाळावर हात मारला. "कालचं रडणं एका रात्रीत विसरलं मेलं!"