पुरलेली खापरं

या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या.

एक होता राजा, आणि त्याचा होता मडक्यांचा कारखाना. चाळीस चाकं फिरायची, पण मडकं एकच. तोच गळा, तोच घेर, शंभर वर्षं. का? तर राजाच्या पणजोबानं नियम घातला होता. कुणी नवं काही घडवलं आणि ते बिघडलं, की त्याची खापरं त्याच्याच डोक्यावर द्यायची, पुढे हलगी वाजवायची आणि त्याला गावभर फिरवायचं. मग कोण कशाला नवं करतंय?

कारखान्यावर देखरेख होती भिवराबाईची. घरी तिची एकच लेक, तानी. तुमच्याएवढीच, बरं का.

एकदा काय झालं, विहिरीचं पाणी तांबडं झालं. गाळा नाहीतर उकळा, तांबडं ते तांबडंच. पोरं आजारी पडली. तानीनंही अंथरूण धरलं. वैद्य म्हणाला, "बाई, हे पाणी पोटात जातंय तोवर माझ्या औषधाचा उपयोग नाही. पोर तिसरा सोमवार काढील. पुढचं मला सांगवत नाही."

भिवराबाई तडक कारखान्यात गेली. "पाणी निवळेल असं मडकं पाहिजे. सोमवारपर्यंत. नाहीतर एकेकाला घरी बसवीन."

सोमवारी चाळीस मडकी आली. सगळी नेहमीचीच. कुणी निळी रेघ ओढली होती, कुणी मोर काढला होता. घाबरलेली माणसं दुसरं काय करणार? त्या दिवशी तानीनं दोन चमचे पेज घेतली.

मग भिवराबाई म्हणाली, "जो करून दाखवील त्याला राजाकडून चांदीचं कडं." झालं. सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली. आतून चाकाची घरघर ऐकू येई, पण शेजाऱ्यालासुद्धा कुणी काही दाखवीना. दुसऱ्या सोमवारी सगळे हात हलवत आले. "आम्ही काही केलंच नाही, बाई." आणि नखांत बघावं तर ओली माती! त्या दिवशी तानीनं पेज घेतलीच नाही.

मग मात्र भिवराबाईला रडू आवरेना. भर दुपारी ती कारखान्याच्या परसात जाऊन बसली. तेवढ्यात जमिनीखालून कुजबुज आली. तिनं कान टेकला.

"मी इथं आहे."

"मीपण."

पुरलेली खापरं बोलत होती, बरं का! एक म्हणालं, "मातीत भाताचं तूस फार झालं, माझा भुगा झाला." शेजारचं म्हणालं, "अगं बाई, माझाही तसाच झाला." पलीकडचं म्हणालं, "आणि माझाही." म्हणजे बघा, तिघांनी तीच चूक केली, आणि एकमेकांपासून लपवून शेजारी शेजारी पुरली.

भिवराबाई उठली. शेवग्याखालून आणखी एक आवाज येत होता. तो तिच्याच मडक्याचा! तरुणपणी तिनं तूस घालून एक मडकं केलं होतं. ते गळलं. हलगीच्या भीतीनं तिनं ते फोडून इथं पुरलं होतं. आता बाहेर काढलं तर चाळीस माणसं काय म्हणतील? पण डोळ्यांपुढे तानी आली. मग तिनं नखांनी माती उकरली.

खापरं डोक्यावर घेतली, हलगी गळ्यात अडकवली आणि आपणच वाजवत गावभर फिरली. "हे माझं मडकं. गळलं म्हणून मीच पुरलं होतं."

कुणी हसलं नाही. कारखान्यातला म्हातारा कुंभार म्हादबा उठला, परसात गेला आणि आपली खापरं घेऊन आला. मग धुरपा गेली. मग सगळेच. कारखान्याच्या अंगणात ही रास पडली.

धुरपानं भिवराबाईच्या मडक्याचा खोलगट बूड उचललं आणि त्यात तांबडं पाणी ओतलं. थेंब थेंब गळायला लागलं. ती म्हणाली, "बाई, गळतंय खरं. पण जे गळतंय ते बघा तरी."

थेंब स्वच्छ होते. भट्टीत तूस जळून मडक्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडली होती, आणि गाळ वर अडकत होता.

मग दारं उघडी ठेवून सगळे कामाला लागले. तूस किती, आच किती, सगळं त्या राशीला विचारायचं. पहिलं मडकं भट्टीतच फुटलं. हलगी वाजली नाही. दुसरं गळेचना. आता रविवार उजाडला. तानी डोळे उघडीना. तिसरं मडकं भट्टीतून निघालं, आणि सोमवारी सकाळी त्यातलं पाणी तानीच्या ओठांना लावलं. दुपार गेली. संध्याकाळी ती म्हणाली, "आई, भूक लागली."

राजा कडं घेऊन आला. "कुणी केलं हे?"

भिवराबाई म्हणाली, "महाराज, चाळीस नावं आहेत. कडं राहू द्या, ती हलगी तेवढी आम्हाला द्या."

राजानं दिली. ती तिनं पोरांना खेळायला दिली. रास मात्र अंगणातच राहिली. दर सोमवारी ज्याचं जे बिघडेल ते तो तिथं आणून ठेवायचा आणि कसं बिघडलं ते सांगायचा. तानी मोठी झाली आणि तिनं सगळ्यांत जास्त मडकी फोडली. सगळे सुखानं राहिले.

चला, मिटा डोळे. आणि हो, माझ्या लोणच्याच्या बरणीचे तुकडे कुणीतरी पलंगाखाली सारलेत. सकाळी मला येऊन सांगा. हलगी वाजणार नाही. झोपा.