गुंजीचे चार जोडे

एका राज्यात पाणी उरलं नव्हतं. कालकंध नावाच्या मांत्रिकाने नद्या, विहिरी, तळी सारी एका तांब्याच्या घागरीत कोंडली आणि घागर काळ्या डोंगराच्या माथ्यावर ठेवली. तो म्हणाला, "जे जनावर आपल्या पायांनी इथवर येईल, आणि ज्याच्या पायातून रक्ताचा थेंबही सांडणार नाही, त्याच्याच स्पर्शाने ही उघडेल."

राजा धवलसेनाने घोडे धाडले, शिकारी कुत्रे धाडले. सगळे रक्ताळून परतले.

उरली गुंजी. राणी हेमलेखेची मांजराएवढी कुत्री.

"तिला कोण नेणार?" राणीने विचारलं.

"मीच नेतो," राजा म्हणाला. "दुसऱ्याला आज्ञा करण्याचंही त्राण आता माझ्यात नाही."

पहिल्यांदा कातळ लागला. दुपारच्या उन्हाने तो तापला होता. गुंजी पाऊल टाकणार, तोच एक टिटवी बोलली, "थांब राजा! जोडे तुझ्या पायात आहेत, तिच्या नाहीत. हाताची पालथी बाजू टेकवून बघ."

राजाने हात टेकवला आणि झटकन ओढून घेतला. मग दोघं सावलीत बसून राहिली. ऊन कलेपर्यंत तो पुन्हापुन्हा कातळ चाचपत राहिला. हाताला सोसवला तेव्हाच निघाली.

पुढे मिठाचं मैदान पसरलं होतं.

"मीठ पंजाच्या गादीच्या भेगांत शिरतं," टिटवी म्हणाली. "आधी मेण लाव, पलीकडे गेलास की पाय धू."

राजाने मधाच्या पोळ्याचं मेण शिदोरीतल्या तिळाच्या तेलात कालवलं. पायाच्या गाद्यांना चोळलं, बोटांच्या बेचक्यांतही भरलं. मैदान सरल्यावर पखालीतलं शेवटचं पाणी घेऊन त्याने तिचे पाय धुतले आणि पुसून कोरडे केले. स्वतःचे ओठ त्याने जिभेनेच ओले केले.

शेवटी डोंगर आला. वाटभर सराट्याचे काटे आणि धारदार खडे. राजाने आपले जोडे काढले, त्यांचं मऊ कातडं कापलं, चार चिमुकले जोडे शिवले.

"गाठ आवळू नकोस," टिटवी म्हणाली. "बोटं गार पडली तर सैल कर."

जोडे घातल्यावर गुंजी एकेक पाय उंच उचलून झटकू लागली. मग ती खालीच बसली. राजाही बसला.

"गुंजे," तो हळूच म्हणाला, "मीही दमलोय गं. तरी चल."

बऱ्याच वेळाने ती उठली. चढावर गाठ सैल करायला, खडा काढायला राजा कितीदा वाकला आणि दर खेपेला उठणं त्याला जड गेलं.

माथ्यावर कालकंध हसत उभा होता. "राजा, मागे पाहा! वाटेवर रक्त आहे. तू हरलास."

राजाने मागे पाहिलं. खरंच, दगडादगडावर रक्त होतं. त्याने गुंजीचे जोडे उतरवले आणि एकेक पंजा उलटून दाखवला. काळ्या गाद्या अखंड होत्या. मग त्याने आपले अनवाणी तळवे पुढे केले.

"रक्त माझं आहे. माझ्याबद्दल तू काही बोलला नव्हतास."

गुंजीने घागरीला नाक लावलं. घागर उघडली, पाणी गर्जत खाली धावलं, आणि त्या लोंढ्यात मांत्रिक मिठाच्या खड्यासारखा विरघळून गेला. राजा तिथेच खाली बसला.

"उठ राजा, तुझी प्रजा वाट पाहते आहे," टिटवी म्हणाली.

पण गुंजी त्याच्या मांडीवर अंगाचं मुटकुळं करून कधीच झोपली होती. राजा घागरीतलं घोटभर पाणी प्यायला, त्याने दगडाला पाठ टेकवली आणि डोळे मिटले. खाली राज्यभर विहिरी भरत होत्या.