खणातली तबकडी

एकदा घाटाखालच्या एका गावात एक वृद्ध गुरुजी राहत असत. वृद्ध गुरुजी म्हटले की आपल्याला लगेच पिंपळाचा पार आणि जपमाळ दिसू लागते. हे गुरुजी मात्र कॉम्प्युटर शिकवीत. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातला बंद पडलेला दवाखाना मागून घेतला, भिंती पांढऱ्या केल्या, टेबले मांडली आणि वर्ग सुरू केला. औषधे देण्याची लाकडी खिडकी तेवढी त्यांनी तशीच ठेवली. "पूर्वी इथं ताप उतरवायचे, मी भीती उतरवतो," असे ते म्हणत. पंचक्रोशीत ज्यांना आज कॉम्प्युटरची भीती वाटत नाही, ते बहुतेक सारे या दवाखान्यातून बरे होऊन गेलेले आहेत. असा वर्ग शहरातसुद्धा सहज सापडत नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

या गुरुजींची एक शिष्या होती, प्रणिता. शाळकरी वयात वर्गात आली ती पदवी मिळाल्यावरही इथेच राहिली. बिघडलेले यंत्र उघडणे, दुरुस्त करणे, नव्या मुलांना समजावणे, सारे तिच्या हाताला वश होते. तिला खोड एकच होती. कोणतेही काम झाले की ती मान वळवून कोपऱ्यातल्या गुरुजींच्या खुर्चीकडे पाही आणि विचारी, "गुरुजी, बरोबर ना?" गुरुजी "बरोबर" म्हणेपर्यंत तिच्या लेखी ते काम झालेलेच नसे. संध्याकाळी वर्गाला कुलूपही तीच लावी, पण किल्ली गुरुजींच्या तळहातावर ठेवूनच घरी जाई.

पुढे गुरुजींना काचबिंदू झाला. पडद्यावरची अक्षरे पुसट होऊ लागली. त्यांनी प्रणिताला बोलावून सांगितले, "आता हा वर्ग तू सांभाळायचा."

ती घाबरली. "मला नाही जमणार, गुरुजी."

"न करताच ठरवलंस?"

तिने थोडा विचार केला. "मग असं करू. उद्या शाळामास्तरांची नवी तुकडी येतेय. त्यांचा पहिला पाठ मी घेते. तो निभावला तर वर्ग माझा. नाही निभावला, तर मला परत विचारायचं नाही."

गुरुजींनी मान डोलावली. दुसरे कोणी हा वर्ग चालवणार नव्हते. प्रणिता मागे सरली असती तर दवाखान्याला पुन्हा कुलूप लागले असते, आणि हे दोघांनाही ठाऊक होते.

तिने पाठ मात्र अवघड निवडला. कॉम्प्युटरच्या आत एक लुटुपुटूचा कॉम्प्युटर उभा करता येतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. भातुकलीतल्या चुलीसारखाच तो प्रकार. तिथे काही करपले तरी खऱ्या घराला धग लागत नाही, म्हणून शिकणाऱ्याने तिथे बेलाशक चुका कराव्यात. अशा यंत्रात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ज्याच्या जोरावर यंत्र चालते तो मूळ प्रोग्राम, कशी बसवायची हे तिला दाखवायचे होते. पूर्वी हा प्रोग्राम तबकडीवर, म्हणजे सीडीवर येई आणि ती यंत्राच्या खणात सरकवावी लागे. आता त्या तबकडीचीही फाईल झाली आहे. लुटुपुटूच्या यंत्राच्या लुटुपुटूच्या खणात ती घालायची, की काम सुरू.

त्याच दुपारी प्रणिता तयारीला बसली. भाषा निवडली, डिस्क, म्हणजे यंत्राची स्वतःची साठवणीची जागा, नेमून दिली, वापरणाऱ्याचे नाव म्हणून स्वतःचे नाव घातले. काम किती झाले ते दाखवणारी पट्टी हळूहळू भरत गेली. शेवटी पडद्यावर सूचना आली, 'तबकडी बाहेर काढा आणि एन्टर दाबा.' प्रणिता मनाशी हसली. इथे तबकडी आहेच कुठे? खऱ्या यंत्रांच्या काळातले वाक्य असेच राहून गेले असावे, असे समजून तिने नुसते एन्टर दाबले.

यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि पडद्यावर आले, 'भाषा निवडा.'

पुन्हा पहिलीच पायरी! तिने सारे नव्याने केले. पुन्हा तेच. मग तिने यंत्राची मेमरी वाढवली, डिस्क मोठी केली. फाईलच खराब असेल म्हणून ती पुन्हा उतरवून घेतली, आधीचे यंत्र मोडून दुसरे उभारले. दर वेळी पट्टी भरे, आणि दर वेळी ते शहाणे यंत्र पाटी कोरी करून विचारी, 'भाषा निवडा.' उन्हे कलली तशी प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आले.

"गुरुजी, होत नाही माझ्याच्यानं," ती म्हणाली. "मास्तरांसमोर उद्या फजिती होण्यापेक्षा आजच सांगते. वर्ग माझ्यावर सोपवू नका."

गुरुजी काठी टेकत तिच्याजवळ आले. "कुठं अडतंय?"

"कुठंच अडत नाही. सगळं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं."

"चूक झाली असं कुठं म्हणतं का ते?"

"नाही."

"बरं. आता एक कर. ती तबकडी खणातून काढून टाक."

प्रणिता चमकली. "काढू? अहो, तिच्यातच तर सगळं आहे! ती काढली तर यंत्र चालू कशावर होणार?"

"काढ."

गुरूंचा शब्द म्हणून तिने काढली, पण मनातून तिला वाटले की डोळ्यांबरोबर गुरुजींची स्मृतीही आता अधू झाली. तिने यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा काळा झाला. काळाच राहिला. प्रणिताने श्वास रोखला. मग एक निळसर उजेड पसरला आणि मधोमध अक्षरे उमटली. प्रणिता. त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट तिची वाट पाहत होती.

गुरुजींना ती अक्षरे वाचता आली नाहीत, पण तिचा श्वास सुटलेला त्यांना ऐकू आला. ते शेजारच्या बाकावर बसले.

"तबकडी म्हणजे गवंडी," ते म्हणाले. "त्यानं घर बांधायचं आणि बाहेर पडायचं. तो दारातच उभा राहिला तर रोज सकाळी पुन्हा पाया खणायला घेईल. त्याला दुसरं येतं काय? यंत्राची रीत अशी की आधी खणात बघायचं आणि मग आपल्या डिस्कवर. खणात तबकडी आहे तोवर आपल्या पोटात काय तयार झालंय ते बघायला ते जातच नाही. पोरी, तुझं काम पहिल्याच खेपेला झालं होतं. झालेलं घर तू आपल्याच हातानं पाडत बसलीस."

प्रणिताने पदराने डोळे पुसले आणि सवयीने विचारले, "म्हणजे माझं बरोबर होतं ना, गुरुजी?"

या प्रश्नाला गुरुजींनी इतकी वर्षे उत्तर दिले होते. त्या दिवशी दिले नाही. काठी उचलून ते सावकाश घरी गेले. त्यांना राग आला की काय, या विचाराने ती त्या रात्री नीट जेवलीही नाही.

सकाळी मास्तरमंडळी जमली. प्रणिता वर्गात शिरली तर कोपरा रिकामा. गुरुजींनी आपली खुर्ची उचलून बाहेर ओसरीवर, औषधांच्या खिडकीखाली नेऊन ठेवली होती आणि तिच्यात ते ऊन खात बसले होते.

"गुरुजी, आत चला ना," ती कळवळून म्हणाली. "तुम्ही समोर नसलात तर माझं कसं व्हायचं?"

"माझं काम झालंय," गुरुजी म्हणाले. "तबकडीनं खणात राहू नये."

प्रणिता उंबरा ओलांडून आत गेली.

पाठ सुरू झाला. आधी तिचा आवाज कापत होता, पण पट्टी भरू लागली तसा तो स्थिर झाला. शेवटी ती सूचना आली. एक ज्येष्ठ मास्तर मिस्कीलपणे म्हणाले, "मॅडम, खरी तबकडी इथं नाहीच. मग काढायचं काय, कपाळ?" सगळे हसले. प्रणिताची मान कोपऱ्याकडे वळली. तिथे खुर्ची नव्हती. मान परत फिरली, आणि तीही हसली.

"मास्तर, काल मीही हेच म्हणाले होते," ती म्हणाली, "आणि दुपारभर रडत बसले." मग तिने सारे उलगडून सांगितले. तबकडी काढली नाही तर काय होते तेही मुद्दाम करून दाखवले आणि मग काढून दाखवले. इतके सोपे करून गुरुजींनीही कधी सांगितले नव्हते, आणि हे मला सांगणारे स्वतः गुरुजीच.

त्या मास्तरांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढून हळूच विचारले, "गुरुजी, त्या सांगतायत ते बरोबर आहे ना?"

"आत बाई आहेत," गुरुजी आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "त्यांना विचारा." बोलताना म्हाताऱ्याची छाती अभिमानाने फुगली होती आणि ती लपवण्याची त्याने काही खटपट केली नाही.

संध्याकाळी मंडळी पांगली. प्रणिताने दिवे मालवले, दार ओढले, कुलूप लावले. गुरुजी ओसरीवरच उभे होते. रोज किल्लीसाठी पुढे होणारा त्यांचा हात आज काठीवरच राहिला. प्रणिताने किल्लीकडे पाहिले, गुरुजींकडे पाहिले, आणि कोणालाही न विचारता किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

दोघे पायऱ्या उतरले. फाटकापाशी गुरुजी थांबले आणि त्यांनी अदबीने विचारले, "उद्या वर्ग किती वाजता, बाई?"

"नऊला," प्रणिता म्हणाली. "उशीर करू नका."