पिराजीनं पारखलेल्या दोन गाड्या

घाटमाथ्यावरच्या एका गावात पिराजी नावाचा एक भोळा घरजावई राहत होता. माणूस वाईट नव्हता. कामाला मागं सरत नव्हता, कुणाला उलटून बोलत नव्हता. फक्त जसं सांगाल तसंच करायचा, आणि एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. दुखणं होतं ते तिथंच.

गाडी चालवायचा परवाना त्याला पहिल्या खेपेलाच मिळाला. परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसून म्हणाले, डावीकडं वळ. हा वळला. म्हणाले, थांब. हा थांबला. साहेब खूश होऊन उतरून गेले. 'आता तूही उतर' म्हणायचं तेवढं विसरले, म्हणून पिराजी संध्याकाळपर्यंत गाडीतच बसून होता. पण त्यासाठी कुणी नापास करत नाही.

त्याचे सासरे तात्या मोठे शिस्तीचे. जावयाला रागवायचं नाही, ही त्यांची एक शिस्त. राग आला की ते अडकित्ता घेऊन सुपारी कातरायला बसायचे. पिराजी घरात राहायला आल्यापासून तात्यांनी इतकी सुपारी कातरली होती की गावातली निम्मी लग्नं त्यावर निघाली असती.

आता लग्न निघालं ते तात्यांच्याच धाकट्या लेकीचं, सुगंधाचं. नवरदेव घाटाखालचा. त्याला आणायला दारात स्वतःची गाडी हवी, असं तात्यांच्या मनात आलं. तालुक्याला जुन्या गाड्या विकणारा इनामदार होता. त्याच्याकडं दोन छोट्या एसयूव्ही होत्या. दिसायला जुळ्या बहिणी. पांढरी पेट्रोलवर चालायची, तांबडी डिझेलवर.

इनामदार म्हणाला, "पांढरी सपाटीला सुसाट. आवाज नाही, धूर नाही. तांबडी जरा गुरगुरते, पण माणसं भरली तरी घाट चढून जाते. दोन्ही चालवून बघा, पटेल ती ठेवा."

घरात गाडी चालवता येणारा एकटा पिराजी. तात्यांनी त्याला जवळ बसवलं.

"जावईबापू, आधी पांढरी आणा. आणि गाडी किती देते ते नीट बघून या."

पिराजी गेला. त्यानं इनामदाराला विचारलं, "ही किती देते?"

"लिटरला सोळा देते. तांबडी बावीस देते."

पिराजीनं पांढरीत एक लिटर पेट्रोल टाकलं, गाडी पंपाच्या कडेला उभी केली आणि तिच्यापुढं उपरणं पसरून उभा राहिला. दुपार टळली. गाडीनं काही दिलं नाही. मागच्या बाजूनं देत असेल म्हणून तो मागं जाऊन उभा राहिला. तिथंही काही नाही. अंधार पडायच्या आत घरी आला तो हिरमुसून.

"तात्या, ही गाडी सोळा सोडा, एकसुद्धा देत नाही."

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अडकित्ता जवळ ओढला.

"जावईबापू, नुसती उभी ठेवून देत नसते. फिरवायची. जेवढी फिरवाल तेवढी देते."

"बरं," पिराजी म्हणाला. मनात घोकलं, फिरवलं की देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको हौसा गोठ्यातून रिकामी चरवी घेऊन आली. "अहो, म्हैस आज दूध देईना. जरा बघता का?"

पिराजीला आनंद झाला. ह्यातलं तर आता आपल्याला कळतं. त्यानं म्हैस सोडली आणि फिरवायला काढली. देवळापर्यंत नेली. देत नव्हती. शाळेपर्यंत नेली. देत नव्हती. मग गावाला वेढे घालायला लागला. लोक विचारायचे, पिराजीराव, म्हैस कुठं चालली? तो म्हणायचा, बघतोय किती देते. दुपारी म्हैस आली ती जीभ बाहेर काढून आली आणि दारातच बसली. त्या दिवशी घरात काळा चहा झाला.

हौसा म्हणाली, "अहो, म्हशीला कुणी पळवतं का? तिला पुढ्यात पेंड घालायची, पाठीवर हात फिरवायचा, दोन शब्द गोड बोलायचं. मग ती वळणावर येते."

"बरं," पिराजी म्हणाला. पेंड, पाठीवर हात, गोड बोलणं. पक्कं.

मग तांबडी गाडी आली. तिला चालवून बघायची म्हणून पिराजी पहाटे उठला. थंडी कडाक्याची. चावी फिरवली तर गाडी नुसती कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प.

पिराजी घाबरला नाही. गोठ्यातून घमेलंभर पेंड आणली, बॉनेटवर नीट मांडली. टपावरून हात फिरवायला लागला. "माझी बाय ती. शहाणी गं माझी. घाट चढायचाय ना आपल्याला?"

गाडी चालू झाली नाही. शेजारच्या शेळ्या मात्र आल्या. एक बॉनेटवर चढली, दोन टपावर. पिराजी त्यांच्याशीही गोड बोलला. तात्या बाहेर आले तेव्हा तांबड्या गाडीवर शेळ्या उभ्या होत्या, आणि जावई काचेला गाल लावून म्हणत होता, "रुसू नको."

तात्यांनी शेळ्या हाकलल्या.

"जावईबापू, डिझेलच्या गाडीला थंडीत घाई चालत नाही. पेट्रोलचं निराळं, चावी मारली की चालू. हिला चावी अर्धी फिरवायची, समोर पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं. दिवा विझला की निघायचं."

"एवढंच?" पिराजी म्हणाला. त्यानं तसं केलं, आणि तांबडी एका हाकेत चालू झाली. त्याला धन्य वाटलं. दिवा विझला की निघायचं. किती सोपं.

त्याच दुपारी तो पांढरी घेऊन लग्नाचा बस्ता आणायला तालुक्याला गेला. तालुक्यात एकच सिग्नल. पिराजी पोचला तर दिवा तांबडा. तो थांबला. दिवा हिरवा झाला. तो थांबला. पिवळा झाला, पुन्हा तांबडा झाला. हा दिवा काही विझत नव्हता. मागं एसटी, तिच्यामागं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागं वरातीचा घोडा. भोंगे वाजायला लागले. पिराजीनं काचेतून हात काढून सगळ्यांना धीर दिला. "थांबा, विझेल."

आणि वीज गेली.

दिवा विझताक्षणी पिराजी निघाला. तसे बाकीच्या तीन रस्त्यांवरचेही निघाले. मग कुणालाच कुठं जाता येईना. घोडा एसटीत तोंड घालून उभा राहिला. त्या गर्दीतून वाट काढत हवालदार आले. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि पिराजीच्या खिडकीशी वाकले.

"भल्या माणसा, हिरवा दिसला की निघायचं असतं. हिरव्यावर गाडी चालते. राहील लक्षात?"

"राहील साहेब," पिराजी म्हणाला. आणि राहिलं, हेच वाईट झालं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तात्यांनी निकाल दिला. पांढरी छान आहे, पण माणसं भरून घाट चढायचा तर तांबडीच. नवरदेव तांबडीतून येईल.

"जावईबापू, हिची टाकी तेवढी भरून आणा."

पंपावर दोन नळ्या होत्या, एक काळी, एक हिरवी. पंपावरच्या माणसानं विचारलं, "काय टाकू?"

"हिरवी."

"हिरवी पेट्रोलची आहे, दादा. गाडी पेट्रोलची आहे ना?"

"गाडी तांबडी आहे," पिराजी म्हणाला. "पण चालते हिरव्यावर. खुद्द हवालदारसाहेब बोललेत."

हवालदारांचं नाव निघाल्यावर त्या माणसानं टाकी हिरव्या नळीनं गच्च भरली.

तांबडी पंपाबाहेर पडली. थोडं अंतर बरी गेली. मग खोकली. मग शिंकली. मग तिला अशी काही उचकी लागली की पिराजीनं तिला प्यायला पाणी विचारलं. आणि ती रस्त्याच्या कडेला गतप्राण झाली.

मिस्त्री आला. टाकीचं झाकण काढून त्यानं वास घेतला आणि पिराजीकडं बघत राहिला.

"डिझेलच्या गाडीला पेट्रोल पाजलंत. आता लग्न होईपर्यंत ही माझ्याकडंच. सगळं बाहेर काढावं लागेल."

"मग चालेल?"

"गाडी अडली की आतलं सगळं बाहेर काढायचं. पार रिकामी केली की चालते."

"बरं," पिराजी म्हणाला.

त्या रात्री तात्यांनी कातरायला घेतलेली सुपारी संपली. हौसानं नवऱ्यापुढं भाकरी ठेवली आणि हळूच म्हणाली, "उद्या तेवढं जपून. माझ्या बहिणीचं लग्न आहे हो."

सुगंधा त्याला भाऊजी भाऊजी करायची, न मागता चहा द्यायची. त्यानं ठरवलं, उद्या एक शब्द इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही.

सकाळी वऱ्हाड एसटीनं वर येऊन पोचलं. मागं राहिले ते नवरदेव दिगंबरराव, त्यांचे दोन धिप्पाड मामा, आत्या आणि फराळाचे डबे. त्यांना आणायला पांढरी निघाली. तात्या खिडकीशी आले. "जावईबापू, काही झालं तरी मुहूर्ताच्या आत गाडी मांडवाच्या दारात उभी पाहिजे."

"उभी करतो," पिराजी म्हणाला.

सपाटीला पांढरी खरंच सुसाट आली. मामांनी तारीफ केली. घाटाचं पहिलं वळण लागलं आणि तारीफ थांबली. पिराजीनं दुसरा गिअर टाकला, पहिला टाकला. गाडी धापा टाकायला लागली, आणि वळणावर येऊन अडली.

पिराजीनं घड्याळाकडं बघितलं. मग त्याला मिस्त्री आठवला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"सगळ्यांनी खाली उतरा."

मामा उतरले. आत्या उतरल्या. नवरदेवही उतरले. डबे उतरले. सगळ्यांना वाटलं, गाडीला धक्का द्यायचा असेल. मामा बाह्या सावरून मागं गेले. पिराजीनं चावी मारली, आणि रिकामी पांढरी पाखरासारखी उडाली. मामांचे हात हवेतच राहिले.

मांडवात भटजी घाई करत होते. तात्या रस्त्याकडं डोळे लावून उभे होते. घाटातून इंजिनाचा आवाज आला, स्वच्छ, दम न लागलेला. पांढरी शेवटचं वळण घेऊन मांडवाच्या दारात उभी राहिली. मुहूर्ताला अजून अवकाश होता. तात्यांचा जीव भांड्यात पडला. लग्नाला आलेल्या इनामदाराला ते म्हणाले, "काय चढली हो. हीच ठेवतो."

आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

आत कुणीच नव्हतं. त्यांनी सीटखालीही वाकून बघितलं.

"जावईबापू, नवरदेव कुठं आहेत?"

"पहिल्या वळणावर. गाडी रिकामी केली, तात्या. म्हणून तर चढली."

अडकित्ता खिशात नव्हता. तात्यांनी डोळे मिटले, उघडले. "असेच परत जा. पहिल्या वळणावरून नवरदेवांना घेऊन या."

पिराजी गेला. थोड्या वेळानं गाडी पुन्हा तशीच पाखरासारखी वर आली, पुन्हा रिकामी. मुहूर्त टळला. हौसा ओट्यावर डोक्याला हात लावून बसली. सुगंधाला मात्र हसू आवरेना, मुंडावळ्या हलायला लागल्या.

शेवटी दुधाच्या टेम्पोतून नवरदेव आले, कॅनला धरून उभे. मागं मामा, आत्या, डबे. भटजींनी पुढचा मुहूर्त काढला आणि लग्न नीट लागलं. पंगत बसली. तात्यांनी पिराजीच्या पानात स्वतः जिलबी वाढली आणि अगदी शांतपणे विचारलं, "जावईबापू, दुसऱ्या खेपेला नवरदेव वळणावर नव्हते का?"

"नव्हते ना. ते चालत वर निघाले होते. मला वाटेत दोनदा भेटले. एकदा मी खाली जाताना, एकदा वर येताना. दोन्ही वेळा त्यांनी हात केला. मीही केला."

"मग जाताना का नाही बसवलंत?"

"जाताना गाडी खाली चालली होती, तात्या. त्यांना वर यायचं होतं."

"आणि येताना?"

पिराजीनं जिलबीचा तुकडा मोडला आणि सासऱ्यांकडं जरा नवलानंच बघितलं.

"येताना चढ होता की."